रायफल चांगली, दोष मालकात

माझ्या शेडमध्ये मोठ्या फ्रीजरच्या बाजूला एक फळा आहे. कुणाला घोडी विकायची असते, कुणाचं कुत्रं हरवलेलं असतं, कुणाला सरपण फोडून हवं असतं. लोक आपापल्या मांसाची वाट बघत उभे राहतात आणि फळा वाचत बसतात. त्या फळ्यावर एक चिठ्ठी अकरा महिने टाचलेली होती. अक्षर लायल हेगस्टॅडचं, ठसठशीत: "पंचेचाळीस-सत्तरची लिव्हरवाली रायफल विकणे आहे. रायफल चांगली आहे. दोष मालकात आहे."

लोक वाचून हसायचे. मला हसू यायचं नाही. त्याच फळ्याखालच्या खणात, चाकू घासायच्या दगडाशेजारी, मी शिशाची एक गोळी ठेवली होती. दोष मालकात नव्हता, याचा तेवढा एकच पुरावा होता आणि तो माझ्याकडे होता.

मी ओपल. मोंटानातल्या या लार्च फोर्क खोऱ्यात गेली अडतीस वर्षं लोकांनी मारून आणलेली जनावरं सोलते, कापते आणि कागदात गुंडाळून, नाव घालून परत देते. नवरा होता तोवर दोघं करायचो, आता एकटी करते. माझी जीभ माझ्या सुरीपेक्षा धारदार आहे असं गावात म्हणतात आणि मला त्याचं कधी वाईट वाटलेलं नाही. जे असेल ते मी तोंडावर सांगते, अशी माझी स्वतःबद्दल समजूत होती. ही गोष्ट लायलची आहे, पण त्या समजुतीचं काय झालं तेही तिच्यात येईल.

लायल सहा फूट दोन इंच उंच होता, तरी खोलीत शिरला तर कुणाच्या लक्षात येऊ नये असा. एकतीस वर्षं त्यानं सॉमिलमध्ये ओल्या फळ्या ओढल्या. करवतीखालून फळी सरकत यायची, ती उजव्या हातानं खेचून चळतीवर टाकायची, तोवर पुढची हजर. त्या कामात त्याचा उजवा खांदा गेला. दोन ऑपरेशनं झाली. दुसऱ्या ऑपरेशननंतर तो कॉफीचा कप डाव्या हातानं उचलायला लागला आणि कुणी विचारलं तर म्हणायचा, "बदल म्हणून."

पण गावात त्याला मान होता तो वेगळ्याच गोष्टीचा. आमच्याकडे पोरांना शिकारीचा परवाना हवा असेल तर आधी वर्ग करावा लागतो. दर ऑगस्टमध्ये लुथरन चर्चच्या तळघरात लायल तो वर्ग घ्यायचा, फुकट, बावीस वर्षं. लाकडाच्या खोट्या बंदुका त्यानंच तासून केल्या होत्या. कुंपण ओलांडताना बंदूक कशी द्यायची, डोंगराच्या माथ्यावरच्या जनावरावर का झाडायची नाही, सगळं सांगायचा आणि शेवटी दरवर्षी तेच एक वाक्य: "खात्री नसेल तर चापाला बोट लावू नका. घरी या. घरी पॅनकेक आहेत." या खोऱ्यातली तिशीच्या आतली सगळी माणसं त्याच्या हाताखालून गेलेली. कुणी काही आगाऊपणा केला की आयाच म्हणायच्या, "लायल काय म्हणेल?"

तर रायफल. लायल चौदा वर्षांचा असताना त्याच्या काकानं त्याला एकदा खेचरांच्या तांड्याबरोबर डोंगरात नेलं होतं. काकाच्या खोगिराला जाड नळीची एक पंचेचाळीस-सत्तर रायफल लटकलेली असायची, चापाखालची लिव्हर ओढून काडतूस आत घ्यायची. परतताना काकाचा गुडघा दुखावला आणि दिवसभर ती रायफल लायलनं वाहिली. एवढंच. त्यानं ती झाडलीसुद्धा नाही. पुढं काका वारला, रायफल कुठं गेली कुणाला ठाऊक नाही. लायलनं जन्मभर बापाची साधी बंदूक वापरली आणि दरवर्षी घरात मांस आणलं. पण तालुक्याच्या गावी गेला की हार्डवेअरच्या दुकानात, बंदुका टांगलेल्या मागच्या भिंतीसमोर, हात खिशात घालून उभा राहायचा.

सॉमिल बंद झाली त्या वर्षी त्यानं नावेचं इंजिन विकलं आणि वेंडेलला बरोबर घेऊन गेला. वेंडेल शाळेची बस चालवतो आणि बस चालवत नसतो तेव्हा तोंड चालवतो. दुकानात लायलनं काकाच्यासारखीच एक जुनी रायफल उचलली, लिव्हर खाली ओढली, वर घेतली, कान देऊन ऐकली, पुन्हा ओढली. अर्धा तास झाला.

"अरे, लग्नाआधी नेवाकडे एवढा वेळ बघितलं होतंस का?" वेंडेल म्हणाला.

"तिच्या बापानं एवढा वेळ दिला नव्हता," लायल म्हणाला.

दुकानदारानं कागद भरून घेतले, फोनवरून सरकारी चौकशी झाली. मग तो हलकेच म्हणाला, "लायल, ही लाथ मारते बरं का. खांद्याचा विचार कर."

"खांदा आहे ना जागेवर," लायल म्हणाला आणि विषय संपला.

रायफलच्या लाकडी दस्त्यावर आधीच्या कुणा मालकानं चाकूनं आपली आद्याक्षरं कोरली होती, आर. टी. वेंडेल म्हणाला, घासून टाक. लायल म्हणाला, "राहू दे. माझ्याआधी त्यानं वाहिली आहे." मग तू तुझी कोर शेजारी, असं मी त्याला सांगितलं होतं. तो म्हणाला, हिच्यानं पहिलं जनावर नीट पडलं की कोरीन.

घरी आल्यावर नेवानं रायफलकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "म्हातारपणी कुणाला तरण्या बाईचं वेड लागतं, तुला तोफेचं लागलं. देवाची कृपाच म्हणायची."

नेवाबद्दल सांगायला हवं. ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती. बुटकी, गोल, आणि कमालीची टापटिपीची. तिच्या घरात प्रत्येक वस्तूवर चिकटपट्टी असते, निळ्या शाईत: मुरंबा, अमुक महिना, दोरी, बारीक, दोरी, जाड. घरातली काडतुसंही तीच भरायची. तिचा बाप बंदुका दुरुस्त करायचा, त्यानं तिला नवव्या वर्षी शिकवलं. कपडे धुवायच्या मशीनशेजारी तिचं टेबल होतं. बापाच्या साच्यात शिसं ओतून गोळ्या करायची, छोट्या तराजूवर बंदुकीची दारू तोलायची, रिकाम्या पितळी काडतुसांत भरायची आणि खोक्यावर दारूचं माप, गोळीचं वजन, तारीख, सगळं लिहायची. दुकानातलं काडतूस लायलनं लग्नानंतर कधी विकत घेतलं नाही. त्या साच्याच्या तळाशी एक टवका उडालेला आहे, त्यामुळं तिच्या प्रत्येक गोळीच्या बुडाला केसासारखी एक रेघ उठते. मी तिच्या गोळ्या एवढ्या वर्षांत इतक्या मांसातून काढल्या आहेत की अंधारात बोटानं ओळखीन.

पहिल्या उन्हाळ्यात खडीच्या खाणीत लायलनं ती रायफल झाडली तेव्हा मी तिथं होते. पहिल्या गोळीला तो हसला. दुसरीला हसला नाही. तिसरीच्या वेळी मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. चाप ओढायच्या आधी त्यानं डोळे घट्ट मिटले. त्यानं, ज्यानं वर्षानुवर्षं पोरांना सांगितलं की डोळे मिटणाऱ्यानं बंदूक खाली ठेवावी. संध्याकाळी त्याचा खांदा वांग्याच्या रंगाचा झाला होता. नेवानं त्याला बर्फ लावून दिला आणि त्यावर दोघांत एक अक्षर बोलणं झालं नाही. त्या शरदात तो बापाची जुनी बंदूकच घेऊन डोंगरात गेला.

पुढच्या उन्हाळ्यात मात्र कमाल झाली. लायल झाडत गेला, गोळ्या कागदावर एकीला एक चिकटून लागत गेल्या. डोळे उघडे. "सवय झाली," तो म्हणाला. "ही रायफल म्हणजे नव्या घोड्यासारखी. ओळख व्हावी लागते." त्याच्या पुढच्या वर्षी आणखी छान. चार उन्हाळे असे गेले. दरवर्षी गोळी थोडी खाली लागायची, मग लायल नळीवरची मागची नेमपट्टी एक घर वर सरकवायचा आणि म्हणायचा, "म्हातारा झालो, खांदा खचत चाललाय." इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता. बासष्टाव्या वर्षी माणूस खडीच्या खाणीतून शीळ घालत घरी जायचा.

आणि पाचव्या शरदात त्यानं बापाची बंदूक घरी ठेवली आणि ही घेऊन निघाला.

पुढचं मला त्यानंच सांगितलं, म्हणजे जेवढं तो सांगायचा तेवढं. तिसऱ्या दिवशी सकाळी ओढ्यापलीकडच्या उतारावर नर एल्क उभा, सांबरासारखा पण घोड्याएवढा, कूस त्याच्याकडे करून. अंतर सव्वाशे पावलं. एरवी त्यानं एवढ्या अंतरावर या रायफलनं झाडली नसती, दाट झाडीत चाळीस-पन्नास पावलांवर त्याचं काम. पण आता हात बसला होता. त्यानं नेम धरला, खात्री करून घेतली, चाप ओढला. एल्क दचकला, पुढच्या पायावर थोडा वाकला आणि झाडीत गेला. थोडं रक्त सापडलं. मग बर्फ पडायला लागलं आणि ते रक्तही झाकलं गेलं.

लायल चार दिवस शोधत होता. सकाळी उजेड झाल्यापासून संध्याकाळी उजेड जाईपर्यंत, एका खांद्यानं, गुडघाभर बर्फात. दोन दिवस वेंडेल त्याच्याबरोबर होता. काही मिळालं नाही.

रविवारी तो माझ्या शेडमध्ये आला. मी काम करत होते, वेंडेल कॉफी पीत उभा होता. लायलनं खिशातून परवान्याची चिठ्ठी काढली. जनावर मारलं की त्या चिठ्ठीवरचा महिना आणि दिवस चाकूनं कापायचा असतो, म्हणजे वर्षाचा हिशेब संपला. लायलनं महिना आणि दिवस कापला होता.

"हे काय?" वेंडेल म्हणाला. "जनावर कुठाय? अरे बाबा, कायद्यानं तुला अजून दोन आठवडे आहेत!"

"मी एक मारलाय," लायल म्हणाला.

"मारलास कुठं? पळून गेला तो. असेल कुठंतरी गवत खात, तुझी नक्कल करत."

"मी त्याला मारलाय, वेंडेल. मरायला त्याला वेळ लागतोय एवढंच."

आमच्याकडे जुन्या माणसांत हे आहे. जखमी करून हरवलेलं जनावर ते आपल्या नावावर धरतात, चिठ्ठी कापतात आणि घरी बसतात. बघायला कुणी येत नाही. म्हणूनच ते करणारा माणूस कसा आहे ते कळतं. पण लायल तेवढ्यावर थांबला नाही. त्यानं माझ्याकडे कागद मागितला, टेबलावर वाकून ती विक्रीची चिठ्ठी लिहिली आणि स्वतःच्या हातानं फळ्यावर टाचली.

"माझी नजर गेली, ओपल," तो म्हणाला. "चार वर्षं मला वाटत होतं मी सुधारतोय."

आठ दिवसांनी शहरातला एक शाळामास्तर एक नर एल्क घेऊन आला. ओढ्याच्या खाली तीन मैलांवर मारलेला. अगदी रोडावलेला, पुढच्या पायानं लंगडत होता म्हणाला. मी कातडी काढली आणि वास आला. डाव्या खांद्यात पू झाला होता. बोटं घातली तर हाडाला टेकून एक गोळी बसलेली. धुतली, उलटी केली, बुडाला केसासारखी रेघ.

मी स्टुलावर बसले. गोळी जिथं लागायला हवी तिथंच लागली होती, एक बोटसुद्धा इकडेतिकडे नाही. त्या ठिकाणी पंचेचाळीस-सत्तरची गोळी हाड फोडून, फुप्फुसातून जाऊन पलीकडून बाहेर पडते. जनावर वीस पावलं जात नाही. ही हाडापाशी येऊन थांबली होती. चेपलीसुद्धा नव्हती. तिच्यात जोरच नव्हता.

मास्तरला मी काही बोलले नाही. गोळी रुमालात बांधली आणि नेवाकडे गेले. लायल सरपणाच्या मागं होता, कुऱ्हाडीचा आवाज येत होता. मी सरळ तिच्या टेबलापाशी गेले आणि खोकी बघायला लागले. सगळ्या खोक्यांवर निळ्या शाईत सगळं लिहिलेलं. फक्त लायलच्या नव्या रायफलच्या खोक्यांवर नुसती तारीख होती. मापाची जागा कोरी.

मी रुमाल सोडून गोळी तिच्यासमोर ठेवली. तिनं ती उचलली, उलटी केली आणि कपड्यांच्या मशीनला टेकली.

"कुठं लागली होती?"

"जिथं लागायला हवी तिथं."

"देवा," ती म्हणाली.

"नेवा, किती कमी केलंस माप?"

"पहिल्या वर्षी चिमूटभर. दारू कमी तर लाथ कमी. नुसत्या कागदावर झाडायला म्हणून गं. त्याचे डोळे मिटलेले बघितले होते मी. मग तो इतका आनंदात घरी आला, म्हणाला, नेवा, हीच खेप कर पुन्हा, अगदी हीच. मग खांदा आणखी दुखायला लागला की आणखी एक चिमूट." ती हळू बोलत होती, मधूनमधून कुऱ्हाडीकडे कान देत. "शिकारीला मी भरपूर मापाचं खोकं वेगळं भरलं होतं. पण त्यानं स्वतःच हे उचललं. म्हणाला, हे माझ्या हाताला लागलंय. काय सांगणार होते मी त्याला? म्हटलं, तो नेहमी झाडीत जवळूनच झाडतो. जवळून हे पुरेल."

"तो सव्वाशे पावलांवरून झाडेल असं तुला वाटलं नाही."

"एवढी हिंमत त्याच्यात मीच घातली ना," ती म्हणाली आणि रडायला लागली, तोंडावर टॉवेल धरून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

मी म्हटलं, जाऊन सांग त्याला. आत्ता. त्याला वाटतंय त्याची नजर गेली. तिनं माझं मनगट धरलं. "ओपल, त्याला कळेल की चार वर्षं मी त्याला लहान मुलासारखं वागवलं. बायकोनं कीव केली म्हणून आपला नेम लागत होता, हे कळलं तर तो मोडेल. नजर गेली असं समजून माणूस जगू शकतो गं. तू सांगणार नाहीस. शप्पथ घे."

कुऱ्हाडीचा आवाज थांबला होता. मी घाईत होकाराची मान हलवली. गोळी तिनं परत माझ्या हातात कोंबली, घरात ठेवायची तिला हिंमत नव्हती.

हिवाळा गेला. चिठ्ठी फळ्यावर, गोळी खणात. मी मनाला सांगितलं, नवरा-बायकोचं आहे, तुला काय करायचंय. लायल अंधार पडल्यावर गाडी चालवेनासा झाला. डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलं नजर ठीक आहे, तर म्हणाला, डॉक्टरला एल्क मारायचा नसतो. वसंतात त्यानं चष्मा बदलून आणला, मग तो घालायचाही सोडून दिला.

ऑगस्टमध्ये तो गाडी माझ्या शेडसमोर उभी करून मागून एक गठ्ठा काढायला लागला. लाकडाच्या खोट्या बंदुका. पोतं घालून नीट बांधलेल्या.

"वर्ग घेणाऱ्याला दे," तो म्हणाला. "वेंडेल घेईन म्हणतोय."

"वेंडेल? लायल, वेंडेलला स्वतःच्या पायात गोळी मारायला दोन प्रयत्न लागतात!"

तो हसला नाही. "जखमी जनावर सोडून आलेल्या माणसानं पोरांना काय सांगायचं? बघून झाडा?"

मला राग आला. त्याचा, नेवाचा, माझ्या त्या हललेल्या मानेचा. खण उघडला आणि गोळी त्याच्यासमोर आपटली. "ही बघ! तुझ्यामागून एका मास्तरनं मारलेल्या एल्कच्या डाव्या खांद्यात होती. हाडाला टेकून. तुझ्या बापानं झाडली असती तरी याहून नीट लागली नसती. तुझी नजर शाबूत आहे, बैला!"

लायलनं गोळी तळहातावर घेतली. उलटी केली. रेघेवरून अंगठा फिरवला. मग टोकाकडून बघितलं, कुठंही न चेपलेलं टोक, आणि माझ्या लक्षात आलं की जन्मभर बंदुका हाताळलेल्या माणसाला मी आणखी एक शब्दही सांगायची गरज नाही.

"दर उन्हाळ्यात मी पट्टी एक घर वर करत होतो," तो म्हणाला. "मला वाटायचं खांदा खचतोय."

"लायल, तिनं…"

"मला कळलं तिनं काय केलं." त्याचा आवाज इतका मऊ मी कधी ऐकला नव्हता. "तिला माहीत आहे ही तुझ्याकडे आहे?"

"तिनंच ठेवायला दिली."

"मग मी बघितली हे तिला सांगू नकोस."

"अरे पण आता तरी वर्ग घे! तुझा काही दोष नव्हता."

"मी परत उभा राहिलो तर ती विचारेल, काय झालं म्हणून. मला खोटं बोलता येत नाही, ओपल. गप्प बसता येतं." त्यानं गोळी परत खणात ठेवली, दगडाशेजारी, होती तश्शीच. "एल्कच्या त्या हालांचं ओझं कुणावर तरी असणार. माझ्यावर आहे तर राहू दे. तिला नाही पेलायचं."

मी शब्द दिला. म्हटलं, निदान ती चिठ्ठी तरी काढते फळ्यावरची. तो म्हणाला, राहू दे, अजून रायफल विकली गेलेली नाही.

ऑक्टोबरमध्ये आयडाहोचा एक माणूस ती घेऊन गेला. त्यानं दस्त्यावरच्या अक्षरांकडे बघून विचारलं, आर. टी. म्हणजे तुम्ही का? लायल म्हणाला, नाही, मी मधला.

त्यानंतर लायल तीन हिवाळे जगला. बाहेरून बघणाऱ्याला काही कळलं नसतं. दोघं रविवारी चर्चला यायची, नाताळात मला बटाट्याच्या पातळ पोळ्या, लेफ्से, करायला बोलवायची. नेवा लाटायची, लायल लांब काठीनं उलटायचा, मी लोणी लावायचे. ती त्याच्याकडे बघत नाही असं दाखवून बघायची. तो तिला म्हणायचा, "तू बस, मी करतो," दिवसातून दहा वेळा. मी मध्ये बसून दोघांच्याही हातचं खायचे आणि मला वाटायचं, बाई, दोघांचाही विश्वास आहे तुझ्यावर. खरं सांगते, मला त्याचा अभिमान वाटायचा. ऑगस्टमध्ये वर्गाची पोरं तळघरात उतरताना दिसली की लायल रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं जायचा.

एप्रिलमध्ये सरपण रचताना तो खाली बसला तो उठला नाही. डॉक्टर म्हणाले हृदय.

मातीनंतर सगळे चर्चच्या तळघरात जमले, तिथंच जिथं वर्ग व्हायचा. सँडविच, बटाट्याचं सॅलड, कॉफी. एकामागून एक तरुण माणसं उठली आणि सगळ्यांनी एकच गोष्ट सांगितली, लायलनं आम्हाला बंदूक खाली ठेवायला शिकवलं. कुणीतरी पॅनकेकचं वाक्य म्हटलं आणि अख्खं तळघर एकदम हसलं आणि एकदम गप्प झालं. नेवा उठून स्वयंपाकघरात गेली. मी मागून गेले. ती कॉफीचं मोठं पातेलं घासत होती, जे आधीच स्वच्छ होतं.

"ऐकलंस?" ती म्हणाली. "यातलं एक अक्षर त्याला खरं वाटत नव्हतं शेवटी. मी केलं ते. नालायक समजून गेला तो स्वतःला, आणि मी तीन वर्षं समोर बसून बघत राहिले. ओपल, रोज सकाळी वाटायचं आज सांगते. आज सांगते." तिचे हात थांबले. "आता कुणाला सांगू?"

मला ते सहन होईना. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द, पण ती जिवंत होती. मी तिला सगळं सांगितलं. खण, गोळी, पट्टीची घरं, तो काय म्हणाला ते सगळं. सांगताना मला हलकं वाटत होतं. मला वाटलं तिलाही वाटेल.

नेवा ऐकत राहिली. पाण्याचा नळ चालू होता, तिनं तो बंद केला.

"म्हणजे त्याला माहीत होतं."

"हो. आणि तो तुझ्यावर रागावला नव्हता गं, जरासुद्धा नाही."

"मला माहीत होतं. त्याला माहीत होतं." ती एकेक शब्द वेगळा करून बोलत होती. "आणि तू आमच्या टेबलाशी बसून लेफ्से खात होतीस. तुला दोघांचंही माहीत होतं."

"नेवा, मी तुला शब्द दिला होता. त्यालाही दिला होता."

"जन्मात कधी शब्द गिळला नाहीस तू, ओपल. अख्ख्या गावाला तोंडावर बोलतेस. आणि नेमकं तेव्हाच तुला गप्प बसता आलं?" ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "एक शब्द टाकला असतास तर आम्ही हसलो असतो गं. तुला कळतंय का? पहिल्यांदा मी रडले असते, मग तो म्हणाला असता, चार वर्षं मला पिसवा मारायची दारू भरून देत होतीस होय, आणि आम्ही हसलो असतो. तीन हिवाळे हसलो असतो."

तिनं हात पुसले आणि हात पुढं केला. गोळी माझ्या कोटाच्या खिशात होती, मी ती त्याच्या कबरीत टाकावी का या विचारात सकाळी बरोबर घेतली होती. ती तिनं घेतली आणि बाहेर लोकांत निघून गेली.

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. रस्त्यात भेटली तर नेवा मान हलवते, हवेबद्दल बोलते. नाताळात बोलवत नाही. तिचं बरोबर आहे, मी तिच्या जागी असते तर मीही बोलावलं नसतं. ती गोळी तिच्या खिडकीत असते असं वेंडेल सांगतो. खाली चिकटपट्टी आहे, निळ्या शाईत, आणि तिच्यावर दारूचं माप लिहिलेलं आहे.